आमच्याकडे सगळे असेच जातात

ओमाहा हे अमेरिकेच्या मधोमध, नेब्रास्का राज्यात वसलेलं शहर. १९६२ साली तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात एक माणूस दाखल होता. दारूपायी हात थरथरणं, भ्रम होणं, इथवर वेळ आली होती आणि त्यातून तो नुकता कुठे सावरत होता. एवढी का पिता, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं: आमच्या घरात सगळे कॅन्सरनं जातात, मीही तसाच जाणार, मग प्यायलो म्हणून काय बिघडलं?

असं बोलणारा रुग्ण डॉक्टरांना नवा नसतो. ‘आमच्याकडे हे घरातच आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या दवाखान्यांतही कुणी ना कुणी बोलत असतं. बहुतेक वेळा ते ऐकून सोडून दिलं जातं, कारण केसपेपरवर त्यासाठी जागा नसते आणि बाहेर रांग लागलेली असते. ओमाहाच्या या रुग्णाची गोष्ट ज्या डॉक्टरपर्यंत पोचली त्यानं मात्र ती सोडली नाही. हेन्री लिंच तेव्हा ३४ वर्षांचे होते आणि अजून मेडिसिनची रेसिडेन्सीच करत होते. त्या एका रुग्णाच्या बोलण्यामागे ते जे लागले, ते २०१९ साली वयाच्या ९१व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत.

आज जगभरातल्या कॅन्सर रुग्णालयांत ‘लिंच सिंड्रोम’ हा शब्द रोज उच्चारला जातो. आतड्याच्या कॅन्सरकडे जाणारी जन्मजात वाट एवढा त्याचा ढोबळ अर्थ. साधारण तीनशे माणसांत एकाला ती वाट घेऊन जन्माला यावं लागतं, असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. हे सगळं ज्ञान प्रयोगशाळेत सुरू झालं नाही. ते घराघरांत आधीपासून होतं. लिंच यांची थोरवी अशी की त्यांनी ते खरं मानलं, तपासून घेतलं आणि तीस वर्षं कुणी फारसं ऐकत नसतानाही धरून ठेवलं.

त्यांचं तोवरचं आयुष्य सरळ गेलेलं नव्हतं. जन्म १९२८चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरणगावातला, लहानपण न्यूयॉर्कमध्ये. शाळा अर्धवट सुटली. दुसरं महायुद्ध चालू होतं, वय बसत नव्हतं, तरी सोळाव्या वर्षी खोट्या ओळखपत्रावर ते नौदलात शिरले. परत आल्यावर काही काळ व्यावसायिक मुष्टियुद्ध खेळले. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, रिंगणातलं नाव ‘हॅमरिन हँक’. मग शिक्षणाची भूक लागली. ओक्लाहोमात पदवी, डेन्व्हरला क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए., ऑस्टिनला मानवी आनुवंशिकीचा अभ्यास, आणि १९६० साली गॅल्व्हस्टनहून डॉक्टरकी. आतड्याच्या विकारांचा तज्ज्ञ त्या रुग्णाची आतडी तपासून थांबला असता. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला त्याची भीती ऐकू आली, आणि आनुवंशिकी शिकलेल्या माणसाला त्या भीतीचा वंशवृक्ष काढावासा वाटला. माझ्या मते हे दोन्ही एकाच माणसात असणं हा वैद्यकाच्या इतिहासातला मोठाच योग होता.

वंशवृक्ष काढणं हे सांगायला सोपं आहे. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आजार झालेल्याची आकृती काळी भरायची, मृत्यू झाला असेल तर तिरकी रेघ. पण काळी कुणाची भरायची, हाच तर प्रश्न असतो. आजी ‘पोटाच्या आजारानं’ गेली, असं नातू सांगतो. ते पोट म्हणजे जठर, आतडं, गर्भाशय की बीजांडकोश? काका ‘कावीळ होऊन’ गेले, पण ती कावीळ यकृतात पसरलेल्या गाठीची होती का? लिंच यांच्याबरोबर या कामात ॲन क्रश नावाच्या समाजसेविका होत्या. नातेवाइकांना पत्रं, रुग्णालयांना पत्रं, मृत्यूचे दाखले, शस्त्रक्रियेच्या नोंदी, जिथे मिळतील तिथे पॅथॉलॉजीचे अहवाल असा तो उद्योग होता. ऐकीव गोष्ट कागदावर सिद्ध झाल्याशिवाय आकृती काळी करायची नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशा कामाला क्वचितच नाव मिळतं, म्हणून क्रश यांचं नाव मुद्दाम घ्यावंसं वाटतं. लिंच यांच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांवर ते आहेच.

या घराण्याला त्यांनी ‘एन’ म्हटलं, नेब्रास्कातलं म्हणून. आधी वाटलं, हा पॉलिपोसिस असेल. त्या आजारात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटे येतात आणि पुढे त्यांतून कॅन्सर होतो. तो आनुवंशिक असतो हे ठाऊक होतं. पण एन घराण्यातल्या लोकांच्या आतड्यांत तसा पॉलिपचा गालिचा नव्हता. शिवाय या घरातल्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होत होता. म्हणजे हे काहीतरी वेगळंच होतं, आणि त्याला पुस्तकात नाव नव्हतं.

१९६४ साली लिंच यांनी अमेरिकेतल्या मानवी आनुवंशिकीच्या परिषदेत हे घराणं मांडलं. तिथे मिशिगनच्या मार्जरी शॉ यांनी सांगितलं की अगदी असंच एक घराणं आपल्याही पाहण्यात आहे. ते झालं घराणं ‘एम’. १९६६ साली दोन्ही घराण्यांवरचा निबंध ‘अर्काइव्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात छापून आला. याच नियतकालिकात, ५३ वर्षं आधी, याच आजाराबद्दल एक निबंध येऊन गेला होता, आणि तो जवळजवळ विस्मरणात गेला होता.

त्या निबंधाची गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून सुरू होते. १८९५ साल, मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. तिथल्या विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन हे पॅथॉलॉजीचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी पॉलीन ग्रॉस एकदा फार उदास दिसली. कारण विचारल्यावर ती म्हणाली की आपण तरुणपणीच मरणार. आपल्या घरातले सगळे आतड्याच्या, पोटाच्या किंवा बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात. वॉर्थिन यांनी तिची समजूत घालून विषय संपवला नाही. त्यांनी तिला माहिती गोळा करायला सांगितलं, आणि पॉलीननं ती पुढची चोवीसएक वर्षं गोळा केली. जर्मनीहून आलेलं मोठं शेतकरी घराणं, चुलत-मावस भावंडं ठिकठिकाणी पांगलेली. कोण कधी जन्मलं, कोण कशानं आजारी, कोण कधी गेलं हे सगळं ती विचारत राहिली, लिहीत राहिली. वॉर्थिन यांच्या १९१३च्या निबंधाच्या मुळाशी तिची ही माहिती आहे. त्या निबंधानुसार, कॅन्सर झालेल्या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कॅन्सरनं गेले होते किंवा त्यांच्यावर कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली होती. पॉलीन स्वतः १९१९ साली गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वय ४६.

मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी संशोधक तीच वाटते. तिच्या हाती ना प्रयोगशाळा, ना पदवी. विषय स्वतःच्या मरणाचा. आणि तरीही तिनं नोंदी इतक्या नीट ठेवल्या की शंभर वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञांना त्यांवर भरवसा ठेवता आला. निबंधात तिचं नाव नाही. घराण्याला नुसतं ‘जी’ हे अक्षर आहे. तिचं नाव लोकांपर्यंत पोचलं ते बऱ्याच काळानं. तिच्याच कुळातल्या कॅनडास्थित लेखिका ॲमी मॅके यांनी २०१९ साली त्या घराण्यावर पुस्तक लिहिलं.

वॉर्थिन यांचा निबंध बाजूला का पडला? एक कारण सरळ होतं: एका घराण्यावरून काय सिद्ध होतं, असं लोकांना वाटलं. दुसरं कारण अस्वस्थ करणारं आहे. वॉर्थिन सुप्रजननाच्या विचाराकडे झुकलेले होते. ‘सदोष’ घराण्यांनी वाढू नये, या विचारानं अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीपर्यंत आणि जर्मनीत त्याहून भीषण टोकापर्यंत मजल मारली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘रोग घराण्यात असतो’ असं म्हणणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जावं, यात नवल नव्हतं. आनुवंशिकतेच्या अभ्यासावरचा हा डाग आजही पूर्ण पुसलेला नाही, आणि पुसला जाऊही नये, असं मला वाटतं. घरातल्या आजाराची यादी कुणाच्या हातात जाते आणि तो तिचं काय करतो, हा प्रश्न यादीइतकाच जुना आहे.

एन आणि एम घराण्यांचं काम पाहून मिशिगनच्या पॅथॉलॉजी विभागानं ‘जी’ घराण्याची जुनी कागदपत्रं लिंच यांच्या हाती दिली. लिंच आणि क्रश यांनी पुन्हा सगळ्या शाखा शोधल्या. १९७१ साली त्यांनी १८९५ ते १९७० एवढ्या काळाचा हिशेब छापला, तेव्हा रक्ताच्या नात्यातली साडेसहाशेहून अधिक माणसं नोंदली गेली होती. आकृतिबंध तोच होता: कॅन्सर कमी वयात, बहुधा पन्नाशीच्या आत, एकाच माणसाला एकाहून अधिक कॅन्सर, आतड्यातली गाठ बऱ्याचदा उजव्या बाजूला, बायकांत गर्भाशयाचा कॅन्सर, आणि आजार पिढीमागून पिढी सरळ खाली उतरणारा. एक गोष्ट मात्र बदलली होती, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. जुन्या पिढ्यांत जठराचे कॅन्सर पुष्कळ होते, नंतरच्या पिढ्यांत ते कमी होऊन आतड्याचे वाढले. एकूण अमेरिकेतही त्या काळात तेच झालं होतं. म्हणजे धोका रक्तातून आला, पण तो कुठे प्रकट व्हायचा हे अन्न, पाणी आणि राहणीमान यांच्याशीही जोडलेलं होतं. ‘जनुकं की परिस्थिती’ अशी भांडणं करणाऱ्यांनी हे एक घराणं जरूर पाहावं.

लिंच यांचं म्हणणं मात्र स्वीकारलं गेलं नाही. काळ पाहिला तर विरोधकांना अगदी मूर्ख म्हणता येत नाही. पन्नासच्या दशकात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला होता. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू चघळणं यांची सांगड घातली होती. कॅन्सर बाहेरून येतो, हे दिसत होतं आणि त्यावर उपाय करता येण्याजोगा होता. दुसरीकडे अमेरिकी सरकार विषाणूंमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या संशोधनावर मोठा पैसा ओतत होतं. त्यात नेब्रास्काचा हा डॉक्टर काही घराण्यांची चित्रं घेऊन येतो आणि म्हणतो, हे जन्मजात आहे.

आक्षेपही वजनदार होते. कॅन्सर हा काही दुर्मिळ रोग नाही. मोठ्या कुटुंबात योगायोगानंही पाच-सहा जणांना होऊ शकतो. ज्या घरात जास्त कॅन्सर आहेत तीच घरं तुमच्या नजरेत येतात, उरलेली येत नाहीत. आणि एका घरातली माणसं एकाच चुलीवरचं जेवतात, एकाच विहिरीचं पाणी पितात. १९७०मध्ये लिंच यांनी राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं, आणि नकारांची ती मालिका पुढेही चालू राहिली.

या आक्षेपांना त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: आणखी घराणी. एकच चूल असेल तर घरात आलेल्या सुना-जावयांनाही तो आजार व्हायला हवा. तसा होत नव्हता. बाप निरोगी असून मुलीला गर्भाशयाचा कॅन्सर होतो, आणि त्या बापाच्या बहिणींनाही तोच झालेला असतो, हे चुलीनं समजावता येत नाही. योगायोगानं झालेले कॅन्सर म्हातारपणी व्हावेत. हे तर चाळिशीतच होत होते. वयाचा हा मुद्दा ॲल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून फार नेटकेपणानं मांडला. जनुकाच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच बिघडलेली असेल तर दुसरी बिघडायची तेवढी वाट, म्हणून आनुवंशिक कॅन्सर लवकर येतो.

१९६७ साली लिंच ओमाहातच क्रेटन विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. हे फार नावाजलेलं संशोधन केंद्र नव्हतं. जेझुइटांचं, मध्यम आकाराचं विद्यापीठ. तिथे बसून त्यांनी जे उभं केलं ते देशभर फिरून. घराण्यातल्या एका माणसानं बाकीच्यांना निरोप द्यायचा, सोयीच्या ठिकाणी सगळ्यांनी जमायचं, आणि लिंच यांच्या पथकानं तिथे जायचं. आधी सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावायचा, मग एकेकट्याशी बोलायचं, इतिहास लिहून घ्यायचा, रक्ताचे नमुने घ्यायचे. त्यांच्या पत्नी जेन या परिचारिका. या कामात त्या बरोबरीनं असत. ज्यांना आजवर कुणी नीट उत्तर दिलं नव्हतं अशा चुलत बहिणी, ज्यांनी आईला पस्तिशीत जाताना पाहिलं होतं असे भाऊ, एकमेकांसमोर बसून पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत. तिथे गोळा झालेलं रक्त कशासाठी वापरता येईल, हे तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं, कारण जनुक शोधण्याची तंत्रं अजून आलीच नव्हती. पण ती आल्यावर घराणी तयार असणार होती.

हे फक्त आतड्याच्या कॅन्सरपुरतं राहिलं नाही. स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर काही घराण्यांत एकत्र चालतो, हे लिंच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून लिहीत होते. १९९०मध्ये बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी स्टीव्हन नॅरॉड, जिल्बेर लनुआर आणि लिंच यांच्या गटानं स्तन-बीजांडकोशाच्या घराण्यांतही हीच जागा असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. आज ज्याला आपण बीआरसीए-१ म्हणतो ते हे जनुक.

आतड्याच्या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ हे नाव १९८४ साली रिचर्ड बोलंड यांनी सुचवलं. बोलंड यांच्या स्वतःच्या घरातच हा आजार होता. वडील कमी वयातच त्याला बळी पडलेले, नात्यातही तेच. ते पाहून मुलगा आतड्यांचा डॉक्टर आणि याच विषयाचा संशोधक झाला. रुग्णाच्या घरातून आलेलं ज्ञान म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी पॉलीन ग्रॉसनंतर बोलंड यांच्याकडे पाहावं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विरोध वितळला. १९९१मध्ये ॲमस्टरडॅम निकष म्हणून ओळखली जाणारी कसोटी छापून आली, तिचा गाभा असा: निदान तीन नातेवाईक, निदान दोन पिढ्या, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर. अशा घराण्यांच्या रक्तावरून १९९३मध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि फिनलंडचे आल्बर्ट द ला शापेल यांच्या गटांनी दुसऱ्या गुणसूत्रावरची जागा गाठली. त्याच वर्षी या रुग्णांच्या गाठींत एक विचित्र गोष्ट दिसली. डीएनएमध्ये जिथे तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, अशा ठिकाणी हजारो चुका साचलेल्या होत्या. यीस्टवर काम करणाऱ्यांनी हे चित्र लगेच ओळखलं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा चुका राहतातच. त्या शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. छापखान्यात खिळे जुळवून झाले तरी मुद्रितशोधकाची नजर फिरल्याशिवाय फॉर्म छपाईला जात नसे, तसंच. या घराण्यांत जन्मतःच त्या शोधकांपैकी एकाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. १९९३च्या अखेरीस एमएसएच-२, १९९४मध्ये एमएलएच-१, पुढे एमएसएच-६ आणि पीएमएस-२ अशी ही जनुकं सापडली. जिवाणूंमध्ये ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिक यांना २०१५मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि घराणं जी? २०००च्या सुमारास त्याचंही कोडं सुटलं: एमएसएच-२ जनुकात एका अक्षराचा बदल. पॉलीननं वॉर्थिन यांना जे सांगितलं होतं ते शंभराहून अधिक वर्षांनी डीएनएच्या एका अक्षरात सापडलं.

हे कळून उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. सदोष प्रत मुलाला किंवा मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे ज्या घरात सगळेच स्वतःला शापित समजत होते, त्यांतल्या सुमारे अर्ध्यांना तपासणीनंतर सांगता येतं की तुम्ही यातून मोकळे आहात, तुमचा धोका चारचौघांइतकाच. ज्यांच्यात दोष सापडतो त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. एरवी पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, इथे एक ते तीन वर्षं पुरतात. म्हणून विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करायची आणि दिसेल तो पॉलिप तिथेच काढून टाकायचा. (सौम्य जनुक असेल तर ही सुरुवात थोडी उशिरानंही चालते.) फिनलंडमध्ये २२ घराण्यांवर पंधरा वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली छापून आले. दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. मुलं झाल्यानंतर गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकण्याचा पर्याय काही स्त्रिया निवडतात. औषधाचाही एक मार्ग आहे: डॉ. जॉन बर्न यांच्या चाचणीत हा दोष असलेल्या ८६१ जणांपैकी काहींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि काहींना नुसती साखरेसारखी गोळी दिली गेली. दहा वर्षांनंतर आतड्याचा कॅन्सर पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के जणांना झाला. हे वाचून कुणी आपल्या मनानं ॲस्पिरिन सुरू करू नये. ती रक्तस्राव घडवू शकते आणि हा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा असतो.

उपचारांतला बदल तर लिंच यांना उतारवयात पाहायला मिळाला. या घराण्यांतले रुग्ण तितक्याच वाढलेल्या गाठीच्या इतर रुग्णांपेक्षा जास्त जगतात, हे दवाखान्यांत पूर्वीपासून जाणवत होतं. कारण असं निघालं की चुकांनी भरलेली गाठ परक्यासारखी दिसणारी प्रथिनं तयार करते आणि शरीराची प्रतिकारशक्ती ती ओळखते. तिला अडवून ठेवणारा ब्रेक औषधानं सैल केला तर? २०१५मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधानं अशा गाठींवर उत्तम परिणाम दाखवला, आणि २०१७च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला एक वेगळीच मान्यता दिली. गाठ आतड्यात आहे, गर्भाशयात आहे की जठरात, ते बघायचं नाही. दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली आहे का, तेवढं बघायचं.

आता आपल्याकडे. मराठी माणसाला घराण्याच्या नोंदीचं प्रेम नवं नाही. गेल्या शतकात कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत. पण बहुतेक नोंदींत कुणाचा मुलगा कोण, गाव कोणतं, हुद्दा काय एवढं सापडतं. माणूस कशानं गेला, हे क्वचित. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीची शाखा तर तिथेच खुंटते. लिंच यांचं सगळं शास्त्र ज्या दोन गोष्टींवर उभं आहे, मृत्यूचं कारण आणि मुलींची संतती, नेमक्या त्याच आपण गाळतो. आत्याच्या आणि मावशीच्या घरात काय घडलं हे वगळून काढलेला वंशवृक्ष या आजाराच्या कामाचा नाही.

त्याहून अवघड आहे ती लपवाछपवी. ‘मुलीचं लग्न व्हायचंय, बोलू नका’, हे वाक्य माझ्या ओळखीच्या अनेक घरांत मी ऐकलेलं आहे. ती भीती खोटी नाही. स्थळं खरोखर मोडतात, आणि बोल बायकांनाच लागतो. पण न बोलण्याची किंमत तिलाच मोजावी लागते, जिचं लग्न आपण वाचवत असतो: चाळिशीत अनियमित रक्तस्राव सुरू झाला तर ‘वय झालं, थांबायला आलं असेल’ म्हणून ती घरीच बसते, कारण आईला काय झालं होतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवात खर्चिक तपासणीनं करावी लागत नाही. आतड्याची किंवा गर्भाशयाची गाठ काढली की तिचा तुकडा पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यावरच चार प्रथिनांची तपासणी करून दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का ते पाहता येतं. हीच एमएमआर तपासणी. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती होते. बिघाड दिसला तर पुढे रक्ताची जनुकीय चाचणी आणि समुपदेशन. टाटा मेमोरियलचं कॅन्सर आनुवंशिकीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. रिपोर्ट हाती आला की ‘एमएमआर तपासणी केली का?’ एवढं विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे, आणि डॉक्टर विसरले असतील तर नातेवाइकांनी तो बजावावा.

दिवाळीत बहुतेक घरांत माणसं जमलेली असतात. भाऊबीजेला बहिणीकडे गेल्यावर, जेवणं झाल्यावर, एक कागद घेऊन बसायला हरकत नाही. आजी-आजोबांपासून सुरुवात करायची, दोन्ही बाजूंची. कोण कशानं गेलं, तेव्हा वय काय होतं, कुणाला दोनदा कॅन्सर झाला, कुणाच्या शस्त्रक्रियेचे कागद अजून कपाटात आहेत. ‘पोटाचा’ म्हटलं की कुठल्या पोटाचा, हे विचारायचं. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा एकही कॅन्सर सापडला तर तो कागद डॉक्टरांना दाखवायचा, आणि जे त्या दिवशी आले नव्हते त्या भावंडांनाही त्याची प्रत पाठवायची.